मुलगी व्हीसी-टेन कुळातली

एंटेबीच्या कालिब्बालांच्या घरात माणसांना कूळ होतं तसंच विमानांनाही होतं. माणसांच्या कुळाचं काही नवल नाही. इकडे बुगांडाच्या मुलखात ते सगळ्यांना असतं. कालिब्बाला नाकतोड्याच्या कुळातले, आणि आपल्या कुळाचा प्राणी खायचा नसतो, म्हणून नोव्हेंबरात सगळं गाव तळलेले नाकतोडे चघळत हिंडायचं तेव्हा यांच्या अंगणात त्याचा वासही चालत नसे. विमानांची कुळं मात्र त्यांनी स्वतः लावली होती, आणि तीही तितकीच कडक होती.

दर रविवारी जेवणं झाली की मुलांनी उभं राहून आधी स्वतःची वंशावळ म्हणायची आणि मग व्हीसी-टेनची. केझियाला शाळेत जाण्याआधीच दोन्ही पाठ होत्या. "व्हीसी-टेन व्हॅनगार्डचा मुलगा, व्हॅनगार्ड व्हायकाउंटचा, व्हायकाउंट व्हायकिंगचा, आणि व्हायकिंगला पंख मिळाले वेलिंग्टन बॉम्बरकडून." शाळेत बाईंनी आजोबांचं नाव विचारलं तेव्हा तिने घाबरून 'व्हायकाउंट' सांगितलं होतं. घरी हे कळल्यावर आई कपाळाला हात लावून बसली. ताता, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "व्हीसी-टेनचे आजोबा व्हायकाउंटच. पोरगी काय चुकीचं बोलली?"

गाव त्यांना कॅप्टन म्हणायचं आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे. "फ्लाइट इंजिनिअर. कॅप्टन पुढे बसून ढग बघतो. विमान मी चालवायचो." तीन देशांची मिळून एक विमान कंपनी होती त्या काळात नैरोबीहून त्यांनी व्हीसी-टेनवर नोकरी केली. पुढे तिन्ही देशांचं एकमेकांशी पटेना, कंपनी मोडली, विमानं इंग्लंडला परत गेली आणि ताता एंटेबीला येऊन कोंबड्या पाळू लागले. ओसरीवर व्हीसी-टेनमधल्या तीन खुर्च्यांची एक रांग होती. कुठून आणली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पाठी अजून मागे रेलायच्या, आणि पाहुणा रेलला की ताता त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचे. "आवाज येतोय का?" पाहुणा नाही म्हणायचा. "तेच तर! विमानातही येत नसे. इंजिनं मागे, शेपटीपाशी. पुढे बसलेल्याला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची."

बोईंग सातशेसातचं नाव मात्र त्या घरात घ्यायचं नव्हतं. इंजिनं पंखांना लोंबकळवलेलं, अमेरिकेत बनलेलं, स्वस्त पडणारं ते विमान. त्याने व्हीसी-टेनचं अन्न तोडलं, असं तातांचं म्हणणं. आफ्रिकेच्या उन्हात, उंचावरच्या छोट्या धावपट्ट्यांवरून उडावं म्हणून व्हीसी-टेन मुद्दाम घडवलेलं, आणि शेवटी जगभर खपलं कोण? एका पुतणीच्या लग्नात, भरल्या मांडवात ते बोलून गेले होते, "माझी केझिया मी कर वसूल करणाऱ्याला देईन. पण सातशेसातवाल्याच्या घरात देणार नाही." सगळे हसले होते. केझिया हसली नव्हती, कारण ताता विमानांबद्दल विनोद करत नाहीत हे तिला माहीत होतं.

तेव्हा तिला हेही माहीत होतं की मसाकाचा एनोक, गुरांचा डॉक्टर, जो दर शनिवारी काही ना काही निमित्त काढून एंटेबीला येतो, त्याचे वडील मुग्वान्या यांनी आयुष्यभर सातशेसातवरच काम केलं. तेही फ्लाइट इंजिनिअर. कॉफीची पोती युरोपात न्यायची आणि येताना यंत्रांचे सुटे भाग आणायचे, अशा मालवाहू विमानांवर.

केझिया विमानतळावरच्या हवामान कचेरीत होती. सकाळी फुगा सोडायचा, वरच्या वाऱ्याचा वेग काढायचा आणि जे मोजलं तेवढंच लिहायचं. त्याच सवयीने तिने तातांना उत्तर दिलं होतं.

"मुलाचे वडील काय करतात?" तातांनी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता विचारलं.

"आता घरीच असतात. तेही फ्लाइट इंजिनिअर होते."

तातांचा हात थांबला. "कुठल्या विमानावर?"

"चार इंजिनांच्या."

"हं." त्यांनी मनाशी हिशेब केला. "कॉमेट असणार. वयाने बसतं. चांगलं विमान. दुर्दैवी, पण चांगलं."

केझियाने पुढे काही लिहिलं नाही. चार इंजिनं हे मोजमाप बरोबर होतं. ती कुठे बसवलेली होती, ते कोणी विचारलं नव्हतं.

*

क्वांजुलाचा दिवस ठरला. मुलाकडची मंडळी मुलीच्या अंगणात येतात, स्वतःची ओळख देतात, मुलगी मागतात. ती झाल्याशिवाय चर्चमधल्या लग्नाला काही अर्थ नसतो. घरची माणसं यात स्वतः बोलत नाहीत. दोन्ही बाजूंनी तयार बोलणारे आणलेले असतात आणि ते एकमेकांची मापं काढतात. कालिब्बालांनी आणला होता कायोंगो. तो उंच, सावकाश बोलणारा, आणि समोरच्याच्या तोंडून एखादा चुकीचा शब्द निघेपर्यंत मांजरासारखा बसून राहणारा. एनोककडून होते सालोंगो. जुळ्यांचे बाप म्हणून सगळे त्यांना सालोंगोच म्हणायचे. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. बैल, बिअर, कुळं, आजे-पणजे यांवर ते झोपेतही बोलले असते.

पण तातांनी जाहीर केलं, "प्रश्न विमानांवर विचारायचे. वंशावळ काय, कुणीही पाठ करतो. माणूस कळतो तो जुन्या हवाई मार्गांवरून."

म्हणून केझियाने सालोंगोंना बोटॅनिकल गार्डनमध्ये बोलावून गुपचूप शिकवणी दिली. आत्या एसेझा सोबतीला, बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेली. आई गेल्यापासून आत्याच घर चालवत होती, आणि विमानाचा विषय निघाला की ती पाठ करायची.

"हे कॉनवे कोण?" सालोंगोंनी विचारलं. "मुलीचे मामा?"

"ते इंजिनाचं नाव आहे."

"इंजिनाला नाव कशाला? माझ्या गाडीच्या इंजिनाला मी फक्त शिव्या देतो."

"सालोंगो, लक्ष द्या. पहिलं प्रवासी जेट इथे उतरलं ते कुठलं?"

"कॉमेट. लंडन, रोम, बैरूत, खार्टूम, एंटेबी..." ते अडले. झाडावरून एका माकडाने त्यांच्या हातातलं केळं पळवलं. "आणि मग हा चोर कुठे जातो?"

"लिव्हिंग्स्टन. मग जोहान्सबर्ग."

"झालं पाठ." खरंच झालं होतं. त्यांची स्मरणशक्ती अफाट होती. फक्त काय पाठ केलंय याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

"आणि एनोकच्या वडिलांचं विमान विचारलं तर?"

"तर म्हणायचं, आकाशातला माणूस, आणि लगेच भेट आणलेल्या साखरेच्या टोपल्यांकडे वळायचं. अगं पोरी, तीस वर्षं मी लोकांचे पळून गेलेले बाप लपवतोय. तुझं तर नुसतं विमान आहे."

*

अंगणात समोरासमोर दोन मांडव. एकात कालिब्बालांची माणसं, दुसऱ्यात मसाकाहून आलेली. पुरुष पांढऱ्या कांझूत, बायका टोकदार बाह्यांच्या गोमेसीत. त्या पांढऱ्या रांगांमध्ये एनोक कुठेतरी कुणीही नसल्यासारखा बसला होता. मुलगी बाहेर येऊन शोधून काढेपर्यंत नवरदेवाने तसंच बसायचं असतं. केझिया आतल्या खोलीत, खिडकीच्या काचपट्ट्यांशी. आत्या तिच्या कमरेचा पट्टा बांधत होती. बाहेर लाउडस्पीकर असल्यामुळे शब्दन् शब्द आत येत होता.

"पाहुणे," कायोंगो म्हणाला, "उशीर झाला तुम्हाला."

"कायोंगोसाहेब, तुमच्या घराचा रस्ता इतका सुंदर की पाय उचलवेना."

"रस्त्यावर खड्डे आहेत."

"त्या खड्ड्यांचंच कौतुक करत होतो."

दोन्ही मांडव हसले. आत्या म्हणाली, "लबाड आहे, पण बोलतो छान. आणि तू श्वास सोड, नाहीतर पट्टा सैल बसेल."

मग कायोंगोने घसा खाकरला. "या घरचे मालक आकाशात वाढलेले. त्यांना पाहुण्यांची परीक्षा घ्यायचीय. आपल्या गावात पहिलं प्रवासी जेट आलं, ते कुठून आलं आणि कुठे गेलं?"

मसाकाकडच्या मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "आम्ही बैल आणलेत, त्यांना विचारा." सालोंगो मात्र उभे राहिले आणि गाणं म्हणावं तसं सुरू झाले.

"लंडनहून निघालं, रोमला चहा प्यालं, बैरूतला टेकलं, खार्टूमला घाम पुसला, एंटेबीला तुमचं तळं पाहून खुळावलं! तिथून नाइलाजाने लिव्हिंग्स्टन, आणि रडत रडत जोहान्सबर्ग!"

टाळ्या. केझियाने खिडकीतून तातांकडे पाहिलं. ते हसत नव्हते, पण त्यांनी मान एकदा खाली केली होती, आणि हे त्यांच्याकडून पुष्कळ होतं.

"कॅराव्हेल विमानाचं नाक कुणाचं?"

"मामाचं!" सालोंगो गरजले. "कॉमेट मामा! फ्रेंचांची पोर, पण नाक मामाकडून आलं. आमच्या धाकट्या मेहुणीचंही तसंच आहे."

"कुणाचं?" मसाकाच्या मांडवातून एका बाईचा आवाज आला आणि हशा पिकला.

"तिसरा प्रश्न. व्हीसी-टेनची इंजिनं मागे का?"

"अहो, का म्हणून काय विचारता! पंख मोकळे राहावेत म्हणून! आपल्याकडे ऊन, आपल्याकडे उंची, हवा विरळ. इतर विमानं धापा टाकतात. व्हीसी-टेनचे पंख पुरते मोकळे, म्हणून ते थोडक्या धावपट्टीत उडतं. म्हणजे जणू आपल्यासाठीच जन्मलेलं!"

ताता आता ताठ बसले होते. डोळे ओले आहेत की काय, ते खिडकीतून नीट दिसत नव्हतं. केझियाच्या मनात आलं की इथे थांबावं. सालोंगो, आता बसा. साखरेच्या टोपल्या आणा.

पण चांगला बोलणारा टाळ्यांवर थांबत नाही. समोरचा माणूस हलला आहे हे सालोंगोंना दिसत होतं, आणि माणूस हलला की त्याच्याशी नातं जोडायचं हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं कसब. एरवी ते म्हणाले असते, तुमच्या पणज्यांनी आमच्या पणज्यांना भाला उसना दिला होता.

"आणि मालक," ते हात पसरून म्हणाले, "आम्हाला हे सगळं कसं ठाऊक? कारण आम्ही परके नाही! आमच्या मुलाचे वडीलही आकाशातले. तुम्ही व्हीसी-टेनचे, आम्हीही व्हीसी-टेनचे! तुमचं कूळ तेच आमचं कूळ!"

पुढे टाळ्या व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत.

आत्याच्या हातातून पट्ट्याचं टोक सुटलं. "काय म्हणाला हा मेला?"

कायोंगो अगदी हळू उठला. इतका वेळ ज्या शब्दाची वाट पाहत होता तो आयताच त्याच्या पुढ्यात पडला होता. "पाहुणे, परत म्हणाल? मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल."

सालोंगोंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. आयुष्यभर त्यांनी शेकडो मुलांची कुळं तपासली होती. एका कुळातली मुलगी म्हणजे सख्खी बहीण, हे त्यांनी स्वतःच किती मांडवांत बजावलं होतं. पण विमान हे त्यांना कधी कूळ वाटलंच नव्हतं.

"म्हणजे मला असं म्हणायचं होतं..."

"छे छे, आता कशाला लाजता?" कायोंगोचा आवाज मधाळ झाला. "एकाच कुळातले निघालो आपण! अगं मुलींनो, चहा आणा, आपले भाऊ आलेत मसाकाहून. बहिणीला भेटायला आलेत बिचारे. बैलही आणलेत भेट म्हणून. चहा प्या, बहिणीची चौकशी करा आणि उजेडात घरी जा."

कालिब्बालांकडचे खो खो हसत होते. मसाकावालेही हसले; असे डाव दर क्वांजुलात पडतात आणि दंडाची एक कोंबडी देऊन सुटतात. पण ताता हसत नव्हते. मसाकाच्या पहिल्या रांगेत बसलेले बारके, टक्कल पडलेले मुग्वान्याही हसत नव्हते.

"कॉमेट!" सालोंगो एकदम ओरडले. "माझी जीभ घसरली! आम्ही कॉमेटचे!"

"आत्ता व्हीसी-टेनचे होतात."

"ते... ते आजोळ."

"सालोंगो, कूळ म्हणजे शर्ट आहे का, घाम आला की बदलायला?"

तेव्हा ताता उठले. घरचा मालक आपल्या क्वांजुलात उठून बोलत नाही. त्यांनी कायोंगोच्या हातातून माइक घेतला आणि मांडवातला हशा हळूहळू विरला.

"मुग्वान्या," ते म्हणाले, "हे दोघं बोलायला आणलेले आहेत. मी तुम्हाला विचारतो. तुम्ही कुठल्या विमानावर होतात?"

केझियाच्या लक्षात आलं की आता सगळं एका शब्दावर आहे, आणि दोन्ही शब्द वाईट आहेत. व्हीसी-टेन म्हणाले तर एनोक तिचा भाऊ. सातशेसात म्हणाले तर तातांनी भरल्या मांडवात घेतलेली शपथ. कॉमेट म्हणता आलं असतं, पण ते सालोंगोंनी वाया घालवलं होतं.

मुग्वान्या उभे राहिले. त्यांनी कांझू नीट केला आणि माइक नको म्हणून हात केला. वंशावळ म्हणताना माणूस उभा राहतो तसे ते उभे होते, टाचा जुळवून.

"मी मुग्वान्या. अळंबीच्या कुळातला," असं म्हणून त्यांनी वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं सांगितली. मग जराही न थांबता म्हणाले, "आणि विमानाने मी बोईंग सातशेसात. सातशेसात डॅश-एटीचा मुलगा. त्याचे मागे वळलेले पंख आणि खाली लोंबणारी इंजिनं बी-सत्तेचाळीस बॉम्बरकडून आली. शरीराने धिप्पाड, खायला कमी, कामाला वाघ. मी त्याच्यावर कॉफी वाहिली, मासे वाहिले, एकदा दोन जिराफही वाहिले. त्याने मला दर वेळी घरी आणलं. मला त्याची लाज वाटत नाही. लाज वाटली ती या सद्गृहस्थाने मला दुसऱ्याच्या कुळात घातलं तेव्हा."

सालोंगो खाली बसले आणि त्यांनी तोंडावर रुमाल घेतला.

तातांनी माइक कायोंगोकडे दिला आणि ते आपल्या खुर्चीत बसले. हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट होतं.

"झालं," आत्या म्हणाली. "आता हा वाकायचा नाही. शपथ घेतलीय मेल्याने. लहानपणी एकदा जेवणार नाही म्हणाला तर खरंच..."

"आत्या," केझिया म्हणाली. ती खिडकीपासून बाजूला झाली होती. कचेरीत दोन यंत्रांचे आकडे जुळेनासे झाले की ती अशीच मागे सरून, आकड्यांकडे न बघता विचार करायची. "तातांना सातशेसातवाल्यांकडे मुलगी द्यायची नाही. व्हीसी-टेनवाल्यांकडे देताच येत नाही, ते भाऊ. बरोबर?"

"बरोबर."

"मग द्यायची कुणाला?"

आत्याने पट्ट्याचं सुटलेलं टोक खोचून टाकलं.

"हेच जाऊन विचार. मला आत्ता बाहेर येता येत नाही. तुला येतं."

"मी? विमानांबद्दल बोलू? तुझ्या बापाने इतकी वर्षं माझे कान किटवलेत, मी एक अक्षर आत जाऊ दिलं नाही."

"आत्या."

"बरं बरं."

एसेझा आत्या बाहेर गेली ती थेट माइककडे. कायोंगोने तो मुकाट्याने दिला. मुलीच्या आत्याशी वाद घालून कुणीही अजून सुखाने घरी गेलेलं नाही. ती धाकट्या भावापुढे रीतसर गुडघे टेकून बसली आणि रीत तिथेच संपली.

"दादा," ती म्हणाली. धाकट्याला दादा म्हणाली की काहीतरी येणार हे सगळ्या घराला ठाऊक होतं. "मला अडाणी बाईला जरा समजाव. आपली पोर व्हीसी-टेनची. तिला नवरा दुसऱ्या कुळातला हवा. हो की नाही?"

"हो," ताता सावधपणे म्हणाले.

"मग शोधूया. कॉमेटवाले? गेले बिचारे. उरलेत ते काठी टेकत चालतात. कॅराव्हेल? तिचं नाक मामाचं, म्हणजे ती कॉमेटचीच भाची, आणि फ्रेंच बोलते. ट्रायडंट?"

"ट्रायडंट लहान पल्ल्याचं," ताता सवयीने म्हणाले. "इकडे कधी येतच नसे."

"म्हणजे परगावचं, चौकशी कुठे करणार. कॉन्कॉर्ड?"

"एसेझा..."

"कॉन्कॉर्डवाले आपल्याकडे कशाला येतील? पंगतीत बसायच्या आत हात धुऊन उठतात ते लोक. रशियाचं ते तुपोलेव? लंडनला उतरलं तेव्हा सगळे बघत राहिले म्हणे, ते?"

मांडवात कुणीतरी म्हणालं, "हिला सगळं येतंय!" आत्याने तिकडे असं पाहिलं की तो माणूस पुन्हा बोलला नाही.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "आपल्या विमानतळावर इतकी वर्षं ज्यांचं येणं-जाणं, ज्यांना आपलं ऊन माहीत, आपली धावपट्टी माहीत, आणि जे आपले भाऊ नाहीत, असं कूळ राहिलं एकच. तुला ते आवडत नाही. माझ्या नवऱ्याचं कूळ तुला कुठे आवडलं होतं? बेचाळीस वर्षं संसार केला मी. पोरीला घरात बसवून म्हातारी करायचीय का, ते एवढं सांग. म्हणजे मटोकेच्या पातेल्याखालचा विस्तव विझवते. उगाच सरपण जळतंय."

तातांनी मान वळवली, पण आत्याकडे नाही, मुग्वान्यांकडे.

"एंटेबी," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "भर दुपार. टाक्या भरलेल्या, कॉफी भरलेली. धावपट्टी किती लागायची?"

केझियाने डोळे मिटले. इथे मसाकाचा कुणीही दुसरा माणूस फुशारकी मारून गेला असता.

मुग्वान्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "सगळी," ते म्हणाले. "पुढे तळं दिसायला लागायचं. कॅप्टन बायकोचं नाव घ्यायचा. मग उठायचं."

तातांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आमचं अर्ध्याच्या जरा पुढे उठायचं."

"मला माहीत आहे," मुग्वान्या म्हणाले. "मी पाहिलंय. नैरोबीला आम्ही रांगेत उभे होतो आणि तुमचं उठलं. आमच्या कॅप्टनने टोपी काढली होती." त्यांनी कांझूची बाही सारखी केली. "आता एक मी विचारू?"

"विचारा."

"तुमचं विमान इंधन किती प्यायचं?"

ताता खुर्चीत हलले.

"थोडं जास्त," ते म्हणाले.

"थोडं?"

"बरंच," ताता म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, जरा खालच्या आवाजात, "फार. हिशेब जमायचा नाही."

हे वाक्य केझियाने त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. आत्या गुडघ्यांवरून उठली, गोमेसी झटकली आणि कायोंगोच्या हातात माइक कोंबला. "दे पुढे रेटून. जेवण करपतंय."

कायोंगोने तातांकडे पाहिलं. तातांनी मान खाली केली, एकदाच. मग कायोंगो मोठ्याने म्हणाला, "मंडळी! आमच्या व्हीसी-टेन कुळाने अळंबीच्या आणि सातशेसातच्या कुळाची ओळख पटवून घेतली. दोन्ही वेगळी आहेत. भरपूर वेगळी आहेत! खोटं कूळ सांगितल्याबद्दल सालोंगोंना दंड: शेवटच्या पाहुण्याचं पान उठेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही."

ही शिक्षा इतकी जबर होती की मसाकाच्या बायकांनाही दया आली. सालोंगो रुमालाआडून काहीतरी बोलू पाहत होते आणि दोन्ही मांडव बोटं ओठांवर ठेवून त्यांना गप्प करत होते.

मग बायकांच्या आरोळ्यांत केझिया बाहेर आली. तिला पांढऱ्या कांझूंच्या रांगांतून आपला माणूस शोधायचा होता आणि त्याच्या गळ्यात हार घालायचा होता. फार शोधावं लागलं नाही. सगळ्यांत जास्त घाम आलेला तोच होता. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, हार वर उचलला, आणि तेवढ्यात तळ्याकडून एक विमान उतरायला आलं. एंटेबीत विमान डोक्यावरून जाईपर्यंत पाद्रीदेखील प्रवचन थांबवतो. कायोंगो थांबला, आरोळ्या थांबल्या, केझियाचा हात हारासकट हवेत राहिला.

एनोक तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. तिनेही मान वळवली. ताता आणि मुग्वान्या आपापल्या मांडवातून निघून अंगणाच्या मधोमध येऊन उभे होते, कपाळावर आडवा हात धरून, दोघांच्याही माना एकाच बाजूला वळलेल्या. विमान चकचकीत, नवंकोरं होतं. पंखांखाली एकेक इंजिन.

"दोन," ताता म्हणाले.

"दोनच," मुग्वान्या म्हणाले.

"त्यातलं एक बंद पडलं तर?"

"विचारूच नका." मुग्वान्यांनी तोंड वाकडं केलं. "आणि आत फ्लाइट इंजिनिअरही नाही म्हणे. कॉम्प्युटर आहे."

"कुठल्या कुळातलं आहे कोण जाणे," ताता म्हणाले, आणि व्याह्यांच्या कोपराला धरून त्यांना ओसरीकडे नेऊ लागले. विमान झाडांआड उतरलं, आवाज विरला आणि केझियाने हार घातला. तो सरळ बसला की वाकडा, ते दोघांच्याही बापांनी पाहिलं नाही.